लिंबू बांधलेली बुलेट

कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची म्हणजे मुलगी बघायला जाण्यासारखंच असतं. घरचे चार, शेजारचे दोन आणि ज्याला कुणी बोलावलेलं नसतं असा एक जाणता, एवढा गोतावळा घेऊन जायचं, चहा प्यायचा आणि बाहेर आल्यावर नावं ठेवायची. नागसेन कांबळेनं त्या हिवाळ्यात असे इतके चहा प्यायले, की गल्लीतले लोक विचारायला लागले, "काय दादा, गाडी बघाय जातासा का चहा प्याला?"

गरज मात्र खरी होती. थोरली दीप्ती रत्नागिरीला नर्सिंगचं शिकत होती. वसतिगृहात भेटायची वेळ दुपारची, आणि नागसेनला शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत आठवड्याची सुट्टी एकच. एसटीनं आंबा घाट उतरून पोचेपर्यंत भेटीची वेळ निम्मी संपलेली असायची, आणि परतीची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशीची पाळी बुडायची. फाटकात उभं राहायचं, लेकीच्या हातात चटणीचा डबा द्यायचा, तब्येत विचारायची आणि निघायचं. एकदा त्याची बायको लीला परतीच्या एसटीत पदर तोंडाला लावून मलकापूरपर्यंत रडत आली. त्या दिवशी नागसेननं ठरवलं, आता गाडी घ्यायचीच. फौंड्रीला जायला त्याची लूना होती; पण लूनावर दोघांनी आंबा घाट चढायचा म्हणजे शेवटी लूनालाच खांद्यावर घ्यावं लागलं असतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा लांबचा पल्ला मारील, नवराबायकोला आणि डब्यांच्या पिशवीला कुरकुर न करता ओढील अशी दणकट गाडी हवी होती. आणि खिशाकडं बघता ती जुनीच असणार होती.

लीलाच्या मनात आणखी एक होतं. ते तिनं एकदाच, भांडी पालथी घालताना, सांगून टाकलं होतं. घाटात थांबून दोघांनी चहा प्यावा. बाकी काही नाही. आयुष्यभर ती नवऱ्याच्या मागं बसून गेली ती लूनावरून भाजी मंडईपर्यंतच. एवढीशी मागणी, आणि तीही वीस वर्षांनी केलेली. नागसेनला ती लागून राहिली.

लक्ष्मीपुरीतला कृष्णात जुन्या गाड्यांची दलाली करायचा. त्यानं दाखवलेल्या गाड्यांत एक असा धूर सोडायची की मागं बसलेला माणूस कोण ते कळू नये. एकीचे कागद तिच्यापेक्षा जुने निघाले. एक चांगली होती, पण ती नागसेनच्या ऐपतीकडं बघून हसत होती. शेवटी कृष्णात कंटाळला.

"बुलेट हाय एक राजारामपुरीत," तो म्हणाला. "मशीन एक नंबर. तुमच्या बजेटात बसती की. पन मी त्यात पडणार न्हाय. दलाली बी नगं मला त्यातली."

"का?"

"जाऊन बघा. लिंबू बांधल्यालं दिसंल तुमाला."

बुलेट अंबादास नावाच्या माणसाची होती. एका शाळेत हेडक्लार्क, घरात पुस्तकांचं कपाट, भिंतीवर पदवीदान समारंभाचा फोटो. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री काढली आणि नागसेनला हसू आवरेना. हँडलला वाळून काळं पडलेलं लिंबू आणि मिरच्या, दिव्याखाली काळी बाहुली, आणि मागच्या साडीगार्डला बिब्ब्यांची माळ. एवढ्या बंदोबस्तात एखादं लग्नाचं घरसुद्धा सुरक्षित राहिलं असतं.

अंबादास तसा भला माणूस होता. त्यानं काही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

"कांबळे, मी खोटं बोलून विकणार नाही," तो म्हणाला. "कोडोलीच्या गणपतरावांची ही गाडी. मलकापूरच्या अलीकडं पडले आणि जागेवरच गेले. त्यांच्या भावानं ती रंगवून घेतली आणि मला विकली. मलाही पाडलं तिनं. आमच्या मंडळी मागं बसल्या होत्या. पाय मोडला, सहा महिने अंथरुणात होत्या."

"पडली कशी?"

"साठाच्या पुढं गेली की हँडल हातात राहत नाही. कुणीतरी डावीकडं ओढतंय असं वाटतं. गणपतराव डावीकडंच पडले, मीही डावीकडंच. लोक म्हणतात, त्यांचा जीव त्या गाडीत आहे."

आता इथं जरा थांबू. नागसेन फौंड्रीत तपासणीला होता. लोखंड ओतून थंड झालेले नग हातोडीनं वाजवून बघायचे, खणखणीत वाजला तर पास, भद्द वाजला तर आत तडा. ते काम तो पंधराएक वर्षं करत होता आणि नव्या माणसांना एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायचा: दोन नग एकाच जागी तडकले तर नगाला शिव्या घालू नका, साचा बघा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथं पुढच्या दोघांना ठेच लागली होती, एकाच पायाला लागली होती, आणि एक भला माणूस ती कशी लागली ते समोर उभा राहून सांगत होता. दगडालासुद्धा प्रश्न पडला असता.

पण नागसेनचं लक्ष लिंबावर होतं.

त्याचे वडील बाबासो यांनी तरुणपणी, धर्म बदलला त्या साली, घरातले सगळे देवांचे टाक आणि देवीची परडी टोपलीत घालून पंचगंगेत सोडली होती. भावकी आठ दिवस भीत होती, की आता याचं घर बसणार. घर बसलं नाही. उलट दोन खोल्या वाढल्या. नागसेन त्या गोष्टीवर वाढलेला. लहानपणी आजारी पडला तेव्हाही त्याच्यावरून कुणी मीठ-मोहऱ्या उतरल्या नाहीत. बाबासोंनी पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. आणि आज हा शिकलासवरलेला हेडक्लार्क, कपाटभर पुस्तकांचा धनी, वाळक्या लिंबाला भिऊन उभा होता. नागसेनला आतून उकळ्या फुटल्या. त्यानं बोलणं ऐकलं, पण ऐकता ऐकता त्याचे दोन भाग केले: भूत हा एक भाग आणि बाकीचं सगळं भुताचंच सामान. आणि दोन्ही एकदम गटारात टाकले. लिंबूसुद्धा. हँडलवरून ओढून काढलं आणि बाहुली-बिब्ब्यांसकट अंबादासच्या देखत कंपाउंडबाहेर भिरकावलं.

अंबादासचा चेहरा पडला. त्यानंतर सौदा करायची गरजच उरली नाही. किंमत आपोआप खाली आली.

पैसे द्यायच्या आधी गल्लीतला मेस्त्री ज्ञानू गाडी बघायला येणार होता. कुणाची गाडी ते कळल्यावर त्यानं हात झटकले.

"मी पाना लावणार न्हाय त्या गाडीला. मला बी बायकापोरं हाईत."

"तुज्या पान्याला भूत चिकटंल व्हय?" नागसेन म्हणाला.

"चिकटू दे न्हाय तर नगं चिकटू दे. मी येत न्हाय."

शहरात मेस्त्री काय एकटा ज्ञानू होता? शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत पावलोपावली गॅरेज होतं. पण नागसेनला वाटलं, आता दुसऱ्याकडं नेली तर ज्ञानू म्हणणार, भ्यालं की गडी. म्हणून त्यानं स्वतःच इंजिन ऐकलं. ते छान वाजत होतं, धडधडीत, तालात. टाकीवर नखानं रंग खरवडून बघितला, टायर दाबून बघितलं, तेल बघितलं. ज्या हातानं तो दिवसाला शेकडो नग वाजवायचा, त्या हातानं त्यानं गाडीच्या सांगाड्यावर साधी टिचकीसुद्धा मारली नाही.

घरी बुलेट आली तेव्हा बाबासो बाहेर खुर्ची टाकून बसले होते. सगळी हकीकत त्यांनी मांडीवर थापा मारत ऐकली.

"ब्येस केलंस," ते म्हणाले. "लिंबाला भिऊन गाडी सोडून आला असतास, तर माजं नाव लावू नगं म्हणून सांगितलं असतं मी."

दारात तांदूळ निवडत बसलेली नागसेनची आई, शेवंताबाई, मान वर न करता म्हणाली, "दोनी बारीला डावीकडंच पडली म्हणं?"

"व्हय."

"डावीकडंच का?"

"भ्यालीस व्हय गं?" बाबासो म्हणाले. "इतकी वर्सं माज्याबरूबर काडलीस आनि अजून भीतीस?"

बापलेक हसले. म्हातारी तांदूळ निवडत राहिली. ती भ्यालेली नव्हती, तिनं सरळ प्रश्न विचारला होता. पण त्या घरात भिणं ही इतकी लाजेची गोष्ट होती, की तेवढा शब्द उच्चारला की कुणाचंही तोंड बंद व्हायचं. लीला मागं उभी होती. हँडलला लिंबाचा रिकामा दोरा तेवढा राहिला होता. तो तिनं गाठ सोडवून काढला आणि पुसायचं फडकं आणायला आत गेली. नवऱ्यानं गाडी बघून घेतली आहे, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

गावात बुलेट गुणी वागली. रंकाळ्यापर्यंत, बिंदू चौकापर्यंत, एकदा जोतिबाच्या डोंगरावर एका सोबत्याला सोडायला. साठाच्या पुढं जायला गावात जागा होती कुठं? फिरून आलं की नागसेनचा उजवा दंड दुखायचा. डाव्या हाताला काही नाही, उजवाच. त्यानं तेल चोळून घेतलं. बुलेट जड गाडी, सवय होईल.

पौष संपता संपता एका सुट्टीला दोघं निघाली. लीलानं निळी साडी नेसली होती. त्याच्या जुन्या स्वेटरवर पदर खोचला, दोन्ही पाय डावीकडं सोडून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. शाहूवाडीच्या खाचरांत धुकं होतं, गार वारा तोंडावर येत होता. नागसेन मुद्दाम हळू चालवत होता. मागं बायको, पुढं घाट. आंब्याला गाडी थांबली. टपरीवरचा चहा गुळमट आणि पाणचट होता. लीलानं तो दोन्ही हातांत धरून इतका सावकाश प्यायला, की टपरीवाल्यानं दोनदा विचारलं, आणखी पाहिजे का. तिनं पाहिजे म्हटलं.

"आता दर बारीला हितं थांबायचं," ती म्हणाली.

"थांबू की."

"दीप्ती पास झाल्यावर बी येऊ. तिच्यासाटी न्हाय. आसंच."

नागसेन हसला. त्या दिवशी तो खरोखर सुखी होता. मन लावून काटकसरीचा संसार केलेल्या माणसाला बायकोचं असं तोंड बघायला मिळणं म्हणजे चैनच. दीप्तीची आणि त्यांची पोटभर भेट झाली. तिघं समुद्रावर गेली, वाळूत बसून भाकरी खाल्ली. भेटीची वेळ पहिल्यांदाच पुरून उरली.

परतताना दोघं घाट चढून वर आली, मलकापूर मागं टाकलं आणि रस्ता सरळ झाला. ऊन कलतं झालं होतं. अंधाराआधी घर गाठावं म्हणून नागसेननं गाडी सोडली. इंजिन खुशीत आलं. मागून लीला काहीतरी म्हणाली, वाऱ्यात त्याला ऐकू आलं नाही. आणि हँडल हलायला लागलं.

आधी बारीक थरथर, मग दोन्ही दंडांतून झटके. त्यानं उजवीकडं जोर लावला. गाडी डावीकडं ओढत होती. कुणीतरी डावीकडं ओढतंय असं वाटतं, हे वाक्य त्याला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवलं, अंबादासच्या आवाजात. मग रस्त्याची कड, खडी आणि आभाळ.

तो उठला. त्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. बुलेट डाव्या अंगावर पडली होती आणि चाक अजून फिरत होतं. लीलाचे दोन्ही पाय डावीकडं होते. एक तिनं ओढून घेतला होता. दुसरा गाडीखाली होता.

तो पाय डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून कापून काढला.

दवाखान्यात माणसं लोटली. फौंड्रीतले आले, गल्लीतले आले. ज्ञानू आला आणि डोळे पुसत म्हणाला, "तुजा काय दोस न्हाय गा. गाडीच तसली." कृष्णात आला, तेच म्हणाला. अंबादास शहाळी घेऊन आला, कितीतरी वेळ हात जोडून उभा राहिला. "मी सांगितलं होतं, पण तुम्ही तरी काय करणार? असल्या गोष्टींपुढं माणसाचं चालत नाही." ज्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे अशा शेजारणीसुद्धा जिन्यात कुजबुजत होत्या, की लिंबू टाकायला नको होतं.

नागसेन कुणाला उलटून बोलला नाही. खरं सांगायचं तर त्याला ते बोलणं गोड लागत होतं. उन्हात चालून आलेल्या माणसाला सावली लागावी तसं. तुझा दोष नाही. गाडीच तसली. रात्रंदिवस लीलाच्या खाटेपाशी बसून तो ते वाक्य मनात घोळवायचा, आणि थोडा वेळ डोळा लागायचा. बाबासो एकदाच येऊन गेले. सुनेच्या पायाच्या जागी दुमडलेली चादर बघितली आणि काठी टेकत निघून गेले. 

टेंपोतून आणलेली बुलेट अंगणात भिंतीला टेकून उभी होती. लीला घरी आली तेव्हा तिची खाट दाराशी लावली, उजेड यावा म्हणून. तिथून तिला गाडी दिसायची. ती तिच्याकडं बघत राहायची.

एका सकाळी नागसेननं फौंड्रीतून आणलेली पातळ सुतळी आणि हातोडी घेतली. गाडी स्टँडवर सरळ उभी केली. सुतळी मागच्या चाकाभोवती गुंडाळली आणि दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकापलीकडं दोन विटांना बांधली. सांगाडा सरळ असेल तर पुढचं चाक दोन्ही सुतळ्यांच्या बरोबर मधे यायला पाहिजे. एवढं सोपं काम. चहा निवायच्या आत होणारं.

त्यानं गाठी आवळल्या. आणि बाबासो कांबळेंचा हा मुलगा, ज्यानं जन्मात कशापुढं नारळ फोडला नव्हता, त्या घडीला मनापासून मागत होता: चाक मधे येऊ दे. सांगाडा सरळ निघू दे. भूत असू दे.

चाक मधे आलं नाही. डावीकडं चांगलं दोन बोटं सरकलेलं होतं.

आपल्याच पडण्यानं वाकलं असेल, म्हणून त्यानं टाकी काढली. टाकीखालच्या नळीवर वेल्डिंगचा ओबडधोबड जोड होता. त्यावर रंग मारलेला आणि रंगाखाली जुना गंज. गणपतरावांच्या अपघातात मोडलेला सांगाडा कुणीतरी स्वस्तात, वाकडाच जोडला होता आणि वरून झकास रंगवला होता. नागसेननं हातोडी हलकेच मारली. भद्द आवाज आला. हा आवाज त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

तो उकिडवाच बसून राहिला. दारात खाटेवर लीला उठून बसली होती. तिच्या उशाला शेवंताबाई होती. पलीकडं खुर्चीत बाबासो.

"काय निगालं?" लीलानं विचारलं.

"चासी वाकडी हाय. जुनी मोड हाय."

"म्हंजे भूत न्हवतं."

"न्हवतं."

तिनं पांघरूण सारखं केलं. जिथं पाय नव्हता तिथलंही.

"मग माजा पाय कुणी न्हेला?"

बाबासोंनी काठीवरची मूठ आवळली. शेवंताबाई उठून आत गेली. तिनं कधीच कुणाला आठवण करून दिली नाही, की मी विचारलं होतं. नागसेननं हातोडी खाली ठेवली. खोटं बोलायला जागा होती. सगळं गाव त्याच्या बाजूनं होतं, अंबादासपासून ज्ञानूपर्यंत.

"मी," तो म्हणाला.

लीला रडली नाही. तिनं अंगणातल्या त्या ताणलेल्या सुतळीकडं बघितलं. मग म्हणाली, "ती दोरी सोडून ठेवा. दीप्ती येणार हाय रविवारी."

"व्हय."

"तिला ह्यातलं सांगू नगासा. आईचा पाय बापानं घालवला म्हटल्यावर पोरगी परत तुमच्याकडं बघायची न्हाय. तिला भूत हुतं म्हणूनच सांगा."

नागसेननं वडिलांकडं बघितलं. ज्या माणसानं एका टोपलीत घालून सगळी भुतं नदीत सोडली होती, तो आता काय बोलणार याची त्यानं वाट बघितली. बाबासोंनी मान खाली घातली.

मग नागसेननं मागच्या चाकाची सुतळी सोडवली, गुंडाळली आणि टाकी पुन्हा जागच्या जागी बसवून जोड झाकून टाकला.